कडची खोली

आमचं घर बघायला हल्ली लोक थांबतात. रस्त्याकडेला गाडी लावतात, मोबाईल काढतात, कौलांचे आणि सोप्याचे फोटो घेतात आणि मग मला म्हणतात, पावणं, लई भारी काम केलासा की. सुरुवातीला अशा माणसाला मी हाताला धरून आत न्यायचो आणि तासभर सोडायचो नाही. आता फाटक वाजलं की मी परड्यात निघून जातो आणि बायको सांगते, ते घरात नाहीत. तिला माझ्यापायी खोटं बोलावं लागतं याची लाज वाटते, पण ती त्यातल्या त्यात लहान लाज. मोठी सांगायला बसलोय.

घर म्हणजे काही वाडाबिडा नव्हे. कोल्हापूरला चिकटलेल्या गावातलं शेतकऱ्याचं घर. पुढं सोपा, मग माजघर, त्याच्यामागं स्वयंपाकघर आणि शेवटी परडं. मातीच्या भिंती, सागवानी तुळया, वर कौलं. माझी सगळी नोकरी पुण्यात झाली. घर राखलं ते थोरल्या भावानं आणि खरं सांगायचं तर वहिनींनी. भाऊ गेल्यावर त्या एकट्याच तिथं राहात होत्या. मी निवृत्त होऊन येऊन बघतो तर भिंतींचे पोपडे निघालेले, कौलं सरकलेली, माजघरात गळतीखाली घमेली मांडलेली आणि वहिनी त्या घमेल्यांच्या मधोमध भाजी निवडत बसलेल्या.

त्यांची लेक गडमुडशिंगीत दिलेली. ती म्हणाली, काका, आईला मी नेते माझ्याकडं आणि घर विकून टाका. मी पेटलोच. विकायचं म्हणजे काय? तिला म्हटलं, काम होईपर्यंत आईला ठेव तुझ्याकडं, घर मी पुन्हा उभं करतो. मग वहिनी आपल्या घरात परत येतील, शेवटपर्यंत मालकिणीसारख्या राहतील. त्यांच्यामागं माझी नात, तिची पोरं, त्या पोरांची पोरं. पुतणी म्हणाली, बघा तुमचं तुम्ही. वहिनी काही बोलल्या नाहीत. त्या कधीच फार बोलत नसत, त्यामुळं मी त्यांचं न बोलणं नेहमी होकार म्हणूनच धरत आलोय.

काम सुरू झालं आणि माझ्या अंगात आलं. भावानं मधल्या काळात मारलेलं सिमेंट खरवडून काढायला लावलं. माजघरातली चकचकीत फरशी उचलली. चुना भिजत घातला, माती चाळून घेतली. गवंड्याशी भांडलो, सुताराशी अबोला धरला. जुनी कौलं मिळेनात, तर पेठ वडगावपर्यंत फिरून पाडलेल्या घरांची कौलं गोळा करून आणली. संडास, न्हाणी आणि स्वयंपाकाचा ओटा तेवढा नवा केला. तेवढी अक्कल आपल्याला आहे, म्हणून स्वतःवर खूशही होतो.

आणि मग ती खोली आली.

परड्याच्या दाराला लागून पूर्वी एक खोली होती. खोली कसली, खुराडंच. एका माणसानं पाय पसरले की संपली. खिडकी नाही, वर एक झरोका, खाली उघडी जमीन. घरात सगळे तिला कडची खोली म्हणायचे. मी पुण्यात नोकरीला लागलो त्या सुमाराला एका पावसाळ्यात ती पडली, असं भावानं सांगितलं होतं. मला तेव्हा फार वाईट वाटलं होतं. एवढीशी भिंत सांभाळता आली नाही म्हणून भावाला चार शब्द बोललोही होतो.

कारण माझं लहानपण त्या खोलीच्या उंबऱ्यावर गेलं. वहिनी लग्न होऊन आल्या तेव्हा मी सातेक वर्षांचा, नाक पुसायचीही शुद्ध नसलेला. त्या स्वतः जेमतेम सतरा-अठराच्या. पण मला भावजी म्हणायच्या आणि अहो-जाहो करायच्या, त्यानं मी नुसता फुगायचो. एरवी त्या मला मिळायच्याच नाहीत. शेण, पाणी, भाकरी, रानातली भांगलण, पुन्हा भाकरी. पण महिन्यातले चार दिवस त्या कडेला बसायच्या आणि ते चार दिवस त्या माझ्या असायच्या. शाळा सुटली की दप्तर भिरकावून मी सरळ परड्यात. त्या आत, मी उंबऱ्याबाहेर, मधे सागरगोटे. शिवायचं नाही एवढा एक नियम होता. मी हरलो की भोकाड पसरायचो, म्हणून त्या मुद्दाम हरायच्या. त्यांच्या माहेरच्या रेड्याची गोष्ट तर मी त्यांना शंभरदा सांगायला लावली असेल. आई यायची आणि त्यांच्या ताटात वरनं भाकरी टाकायची. ताटाला हात लागू नये म्हणून ती कमरेत वाकायची नाही. मला तोही खेळातलाच भाग वाटायचा. पाचव्या दिवशी वहिनी न्हाऊन घरात आल्या की मी हिरमुसायचो. आता पुन्हा कधी कडेला बसतात, असं व्हायचं मला.

हे असं लिहून बघितलं की स्वतःच्याच थोबाडीत द्यावीशी वाटते. मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. सगळं माहीत होतं. मोठा झालो, शिकलो, हे सगळं कसं वाईट ते चारचौघांत बोललोही. पण बोलणं एकीकडं राहिलं आणि सागरगोटे एकीकडं. दोन्हींची गाठ माझ्या डोक्यात कधी पडलीच नाही.

तर परड्याच्या दाराशी उकरताना त्या खोलीच्या पायाचे दगड लागले आणि मी गवंड्यासमोर नाचायचाच बाकी राहिलो. म्हटलं, हितं भिंत उठवायची, एवढीच रुंद, एवढीच उंच. माझी बायको चंदगडकडची. ती ताकाचा तांब्या घेऊन आली होती, तिथंच थांबली. म्हणाली, ही खोली मुद्दाम बांधतायसा? मी म्हटलं, ही वहिनींची खोली. त्यांना सांगू नको, एकदम दाखवायची आहे. ती म्हणाली, त्यांना विचारलंय का? मी म्हटलं, तुला काय कळतंय त्यातलं, तू होतीस का तेव्हा? गवंड्यादेखत म्हटलं. ती तांब्या ठेवून आत गेली.

खोली सुरेख झाली. आतनं पांढऱ्या मातीनं लिंपून घेतली, झरोका होता तिथंच ठेवला, उंबऱ्याला जुनंच लाकूड शोधून बसवलं. संध्याकाळी एकटाच उंबऱ्यावर बसून बघायचो आणि वहिनी बघतील तेव्हा काय म्हणतील याचे मांडे मनातल्या मनात खायचो.

वास्तुशांतीच्या दिवशी वहिनी लेकीबरोबर रिक्षातून आल्या. सोप्याच्या खांबावरनं हात फिरवला, हसल्या. माजघरात गेल्या आणि वर तुळईकडं बघत कितीतरी वेळ उभ्या राहिल्या, डोळ्याला पदर लावला. माझी छाती ही एवढी झाली. म्हटलं, अजून खरं बघायचं राहिलंय, चला परड्यात.

खोलीत माझी नात बसली होती. सातवीत आहे. आल्या आल्या तिनं ती जागा आपली करून टाकली होती. चटई अंथरून, मांडी घालून, पुस्तक घेऊन बसलेली. वहिनी दारात आल्या. त्यांनी आधी भिंती बघितल्या, मग पोरीला बघितलं.

“बाहेर ये बाळ,” त्या म्हणाल्या. “तितं बसायचं न्हाय.”

नात म्हणाली, का? वहिनी माझ्याकडं वळल्या. मला विचारलं, ही कशाला बांधलासा? मी हसतच म्हटलं, पावसानं पाडली होती, मी पुन्हा उभी केली, तुमच्यासाठी.

“पावसानं न्हवं, भावजी. मी पाडली.”

मग त्यांनी सांगितलं. आवाज न चढवता, बाजारातनं काय आणलं ते सांगावं तसं. त्यांची लेक शहाणी झाली, तशी आमच्या आईनं नातीसाठी म्हणून कडची खोली झाडून ठेवली. दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे रानात गेल्यावर वहिनींनी पहार घेतली आणि दोन भिंती खाली आणल्या. भाऊ आल्यावर सांगितलं, पावसानं बसली. दिवस पावसाचे होते, खपून गेलं. आईला कळलं असावं, कारण त्यानंतर कितीतरी दिवस ती वहिनींशी बोलली नाही. पण पुन्हा बांधा म्हणून कुणाला म्हणालीही नाही. हे सांगताना पुतणी तिथंच उभी होती. तिलाही हे पहिल्यांदाच कळत होतं.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. परत बांधायची नाही एवढं आमच्या आईलाही कळलं होतं, आणि मी तीच खोली चुना-माती लावून परत उभी केली होती. वर लिंपूनही घेतली होती.

पण नात कसली सोडतेय. इथं कोण बसायचं, का बसायचं, विचारत राहिली. शेवटी बायकोनं तिला दोन वाक्यांत सांगितलं. पोरगी उठून बाहेर आली. वहिनींना विचारलं, थंडीत पण? वहिनी म्हणाल्या, व्हय. खाली काय अंथरायचात? पोतं. मग ती माझ्याकडं वळली.

“आजोबा, तुम्ही तेव्हा कुठं होता?”

मी म्हटलं, इथंच की, या उंबऱ्यावर, रोज वहिनींजवळ येऊन बसायचो. स्वतःला थोडं सावरून घ्यावं म्हणून म्हटलं. ती म्हणाली, कशाला?

“मजा यायची,” मी म्हणालो. “वहिनी मोकळ्या असायच्या ना. खेळायला मिळायचं.”

जीभ हासडून घ्यावी असं वाटलं ते नंतर. त्या क्षणी मला ते खरं आणि साधं वाटलं होतं. वहिनींनी माझ्याकडं बघितलं. रागानं बघितलं असतं तर परवडलं असतं.

त्यानंतर त्यांनी सगळं रीतसर केलं. पूजेला बसल्या, पंगतीत वाढलं, माझ्या पानात आग्रहानं पुरणपोळी टाकली. माजघरात त्यांची कॉट लावून ठेवली होती, नवी गादी घालून. संध्याकाळ झाली तशा त्या लेकीबरोबर निघाल्या. मी फाटकाशी आडवा झालो, म्हटलं, वहिनी, आजपासून राहायचं ठरलं होतं की. आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल पुरुषासारखंच बोलतात. म्हणाल्या, आज नको भावजी, जातो मी. आणि रिक्षात बसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतः पहार घेतली. गवंड्याला बोलवायचं तोंड नव्हतं. माझ्याच डोळ्यांदेखत, माझ्याच सांगण्यावरनं झालेली भिंत, चांगली भक्कम झाली होती. हाताची सालं निघाली. बायको दारात उभी राहून म्हणाली, आता तरी वहिनींना विचारून करा. मी ऐकलं नाही. मला घाई होती. खोली गेली की वहिनी येतील, एवढंच डोक्यात. माती सारखी करून घेतली आणि तसाच मळक्या कपड्यांनी गडमुडशिंगीला गेलो.

पुतणीच्या सोप्यात वहिनी लसूण सोलत होत्या. चप्पल काढायच्या आधीच मी सांगून टाकलं, पाडली, आता चला. त्या बरं म्हणाल्या. पोरगी वाढतीया, पाडली ते चांगलं केलासा, म्हणाल्या. चहा ठेवायला उठल्या, माझे हात बघितले आणि खोबरेल आणून दिलं. मी म्हटलं, मग कधी येताय? त्या म्हणाल्या, हितं बरं हाय. मी विचारलं, अजून काय बदलायचं असेल तर सांगा. काय न्हाय, म्हणाल्या. मी आणखी विचारत राहिलो. माझा स्वभाव जातोय होय? शेवटी थोडा वैतागूनच म्हणालो की खोली तर गेली, आता अडलंय कशावर ते तरी कळू द्या.

त्यांनी लसणीची सुपली बाजूला ठेवली.

“खोलीचं न्हाय वो,” त्या म्हणाल्या. “खोलीला मी कवाच भ्यालो न्हाय. तुमी काल म्हणालासा, मजा यायची.”

मी म्हटलं, वहिनी, लहान होतो.

“व्हय की. बारकं प्वार तुमी, तुमचा काय दोष? पर मला वाटायचं, माझी कीव येती म्हणून येतासा. घरात एवढी माणसं, त्यातल्या ह्या एका लेकराला तरी कळतंय, वाटायचं. त्येवढ्यावर ऱ्हायलो की वो मी त्या घरात.”