हुतूतूचा दम

रावेतला आज जिथे बारा-बारा मजली इमारती उभ्या आहेत, तिथे अर्जुनरावांच्या लहानपणी ज्वारी काढून मोकळं झालेलं रान असायचं. मऊ माती, चुलीतल्या राखेनं आखलेल्या रेघा आणि तोंडात अखंड ‘हुतूतू’. पुढे देशभर एकच नियम झाले, पंच ‘कबड्डी’चाच दम मागू लागले. अर्जुनराव तेही शिकले, गावाच्या संघाचे कप्तान झाले. पण घरामागच्या अंगणात सराव मात्र हुतूतूचाच.

प्रजासत्ताक दिनाच्या स्पर्धेत गावाचा संघ दरवर्षी उतरायचा. त्यात गावकीच्या घरांतलीच पोरं. यंदा बरीच पोरं चाकणच्या कंपन्यांत शिफ्टला अडकली आणि सातवा गडी मिळेना. अर्जुनरावांनी लखींद्र महतोचं नाव पुढं केलं. मूळचा झारखंडचा, कंपनीत वेल्डर, राहायला अर्जुनरावांच्याच खोलीत.

त्यांचा जुना जोडीदार धोंडीबा उखडला. “भाडेकरू गावच्या संघात? मंग आमी काय नुसत्या टाळ्या वाजवायच्या?”

“सातवा न्हाई तर संघच न्हाई. तू घालतोस का चड्डी?”

धोंडीबा जाता जाता म्हणाला, “हारला, तर तुज्या नावानं बोंब मारीन.”

अर्जुनराव रोज संध्याकाळी लखींद्रला अंगणात पळवू लागले.

“काका, हम तो कबड्डी बोलते हैं.”

“पंचाफुडं कबड्डीच म्हन. हितं हुतूतू. दम लांबतो त्यानं.”

संघ अंतिम सामन्याला पोचला. आता खाली माती नव्हती, मॅट होती. गुण बरोबरीत, चढाई शेवटची. लखींद्र मध्यरेषा ओलांडून घुसला आणि त्या ताणात तोंडातून निघालं, “हुतूतूतूतू...”

शिट्टी वाजली. चढाई बाद, गुण समोरच्यांना. सामना गेला.

अर्जुनरावांनी मान खाली घातली. शेजारून धोंडीबा उठला, दोरी ओलांडून तरातरा पंचांकडे गेला.

“अवो पंच, आमच्या गावात असंच म्हनत्यात! आमचं पोरगं हाय त्ये!”

पंच हसले. गुण काही फिरला नाही.

लखींद्र घाम पुसत आला. “काका, गलती हो गई.”

“तुजी न्हाई, ह्या म्हाताऱ्याची,” धोंडीबानं अर्जुनरावांकडे बोट दाखवत लखींद्रच्या पाठीवर थाप मारली. “उद्यापास्नं माज्या अंगणात यायचं. कबड्डी शिकवतो.”

अर्जुनरावांनी डोळे पुसले. “माजा गडी पळवतोस व्हय रं?”