अंधारासाठी घेतलेली लेन्स

उषा गेल्याचा फोन सुट्टीवर घरी आलेल्या तिच्या मुलीने, रेवाने केला. "शुभामावशी, आई गेली… झोपेतच." फोन ठेवला आणि कोणाकोणाला कळवायचं ते मी सवयीने कागदावर लिहायला घेतलं. पहिलं नाव उषाचंच लिहिलं गेलं. काहीही घडलं की आधी तिला कळवायचं, ही माझी अनेक वर्षांची पद्धत.

बडोद्यात आम्ही एकाच कचेरीत नोकरी केली, तिथल्याच वासणा भागात एकाच सोसायटीत राहिलो. रेवा शिकायला कॅनडाला निघायची होती त्या वर्षी उषाने अचानक एक वापरलेला कॅमेरा घेतला आणि परवडेल अशी लेन्स शोधायचं काम माझ्यावर टाकलं. मी तक्ता केला. एका बाजूला दिवसाचे फोटो, दुसऱ्या बाजूला कमी उजेडातले. माझं मत झूम लेन्सला होतं, लांबचं जवळ दिसतं आणि एकीतच भागतं. घडियाळी पोळ नावाच्या जुन्या गल्लीतल्या कॅमेऱ्याच्या दुकानदाराने तक्ता पाहिला न पाहिला. "बेन, दिवसासाठी कॅमेऱ्याबरोबर आलेलीच चालेल, नवीन कशाला? रात्रीसाठी ही घ्या, पन्नास एमएमची. स्वस्त आहे, तोंड मोठं आहे, उजेड भरपूर घेते. झूम नथी. जवळ जायचं तर तुम्हीच चालायचं."

"चालायला लावणारी लेन्स काय कामाची?" मी म्हटलं.

"तुझ्या तक्त्यात चालणं बसत नाही, माहितेय," उषा म्हणाली. "पण मला अंधारातला चेहरा हवाय गं." तिने तीच घेतली.

नवरात्रात सोसायटीच्या गरब्याला ती कडेच्या खुर्चीवर बसली. मान खाली घालून कॅमेऱ्याच्या पडद्याकडे बघत राहायचं आणि त्यात रेवा आली की फोटो काढायचा, असं तिचं चाललं होतं. काही फेऱ्यांनंतर मला राहवेना. "अगं, पोरगी समोर नाचतेय. ते खेळणं ठेव आणि बघ तरी तिच्याकडे."

"बघतेच आहे," ती म्हणाली. "संध्याकाळनंतर मला दिसत नाही, शुभा. डोळ्यांचा आजार आहे, बरा न होणारा. समोर नुसते दिवे दिसतात. कॅमेऱ्याला रेवा दिसते, मग पडद्यावर मला. तिला सांगू नकोस, ती जायचीच नाही."

सूर्य कलला की ती स्कूटर का काढत नव्हती, ते मला तेव्हा उमगलं. मी तिला उठवलं आणि तिची खुर्ची फेरीच्या अगदी जवळ नेऊन ठेवली. "ह्या लेन्सला चालावं लागतं ना? मग चल."

परवा रेवा ते फोटो घेऊन आली. "सगळे माझेच, मावशी. गरबा कुठेच नाही." आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून सांगितलं. बराच वेळ ती एकाच फोटोकडे बघत राहिली. "म्हणजे… तिने मला बघितलं ना?"

"प्रत्येक फेरीला," मी म्हटलं.

त्या नवरात्रानंतर संध्याकाळी फिरायला निघालो की मी कोपर पुढे करायचे आणि ती ते धरायची. त्यावर आम्ही कधी बोललो नाही. काल दिवेलागणीला दूध आणायला खाली उतरले. पायऱ्या संपल्यावर लक्षात आलं, माझा डावा हात कोपरात वाकवून मी अंगापासून थोडा लांब धरला होता.