उन्हातलं हिरवं

भूमच्या बाजारात टोपी घ्यायला म्या कापडाच्या दुकानात बसलो होतो. तेवढ्यात माझ्याच वयाचा एक माणूस अनवाणीच आत आला. सकाळी बायको वारली म्हणाला. सवाष्ण गेली, नेसवायला हिरवं लुगडं पायजे.

दुकानदारानं एक काढलं. पिवळ्या बल्बाखाली ते हिरवंगार दिसत होतं. त्या माणसानं ते बोटांनी चाचपलं, उचललं आणि दाराबाहेर उन्हात नेलं. उन्हात ते निळसर निघालं. दुसऱ्याचंही तसंच झालं.

"मामा, जळायचंच हाय ते," दुकानदार हळूच बोलला. बाहेर त्याला घेऊन आलेला जीपवाला हॉर्न वाजवत होता. गावात मैत खोळंबलं होतं.

शहाणपण सांगितल्याबिगर मला राहवत न्हाय. म्हणलं, "आवो पाव्हणं, चौथी शिकलोय म्या. उन्हात साती रंग असत्यात, ह्या बल्बात निळा कमी. म्हणून फसतंय. पण आता रंग कोण बघणार हाय?"

"तीच बघायची," तो म्हणाला. "दर दिवाळीला लुगडं दारात नेऊन बघायची. म्या पिशवी धरून हसायचो."

मग त्यानं तिसरं लुगडं बाहेर नेऊन उलगडलं. एकट्याला ते आवरंना, अर्धं सावलीतच लोंबत राहिलं. म्या टोपी खाली ठेवली, उठलो आणि दुसरं टोक उन्हात धरलं.

हिरवंच होतं. तरी त्याला ते खाली घेववंना, आणि मलाही.