आता आजोबा किल्ली घेतात

किल्लीवाला उभ्या संसारात जेवढं बोलला असेल, तेवढं त्याची बायको एका सकाळी भाजी निवडता निवडता बोलून मोकळी होई. बाजाराच्या कोपऱ्यावर, एका जिन्याखाली त्याचं दुकान. गिऱ्हाइकाने किल्ली पुढे करावी, त्याने ती डोळ्यांजवळ नेऊन न्याहाळावी, बोटांनी भाव दाखवावा आणि कानस चालवायला घ्यावी. लोक त्याला मौनी म्हणत. त्याला ते ठाऊक होतं, आणि त्यावरही त्याचं काही म्हणणं नव्हतं.

लेक आणि जावई दोघंही नोकरीवर जात, म्हणून नात दिवसभर मौनीपाशी असे. ती स्टुलावर बसून जुन्या किल्ल्यांचा जुडगा खुळखुळवी, तो काम करी. दोघांची गट्टी पक्की होती. पण तिसरं वर्ष लागून कितीतरी दिवस झाले तरी पोर एक शब्द बोलेना. ऐकू येत होतं, समजत तर सगळंच होतं. फक्त ती तोंड उघडत नव्हती. त्याचं खापर अर्थातच मौनीच्या डोक्यावर फुटलं.

"दिवसभर दगडापाशी बसवल्यावर पोर बोलणार काय, डोंबल?" बायको म्हणाली.

शेवटी लेकीने पोरीला मुलांचं बोलणं सुधारणाऱ्या एका बाईंकडे नेलं आणि बापालाही बरोबर घेतलं. बाईंनी पोरीला खेळवलं, तपासलं आणि सांगायला सुरुवात केली. "घाबरण्यासारखं काही नाही. तुम्ही जे जे कराल ते तिच्यासमोर बोलून दाखवत जा. आता मी कप घेतला, आता चहा ओतला, असं साधं सोपं."

इथपर्यंत मौनीने जिवाचा कान करून ऐकलं. नेमकं तेवढ्यात बाईंची मदतनीस खेळण्यांच्या कपाटाशी झटापट करू लागली. कुलूप अडकलं होतं आणि ती किल्ली भलत्याच बाजूला दाबून फिरवत होती. हे उघड्या डोळ्यांनी बघणं मौनीला जमण्यासारखं नव्हतं. तो उठून गेला. त्यामुळे बाईंचं पुढचं वाक्य, म्हणजे 'आणि बोलून झालं की थांबा, तिला तिची पाळी द्या', त्याच्या कानावर पडलंच नाही. लेकीने ते ऐकलं होतं. पण ज्या माणसाच्या तोंडून शब्द काढताना सगळ्या घराच्या नाकी नऊ येतात, त्याला 'थांबा' म्हणून कशाला सांगायचं?

बाहेर पडल्यावर ती एवढंच म्हणाली, "बाबा, पुढच्या भेटीपर्यंत फरक पडला नाही ना, तर मी तिला पाळणाघरात घालणार. राग मानू नका."

दुकानातलं ते स्टूल रिकामं बघायची मौनीची तयारी नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने घसा खाकरला. "आता आजोबा किल्ली घेतात. आता आजोबा कानस शोधतात. कानस सापडत नाही. आता आजोबा उठतात. आजोबा कानशीवरच बसले होते." दुपारपर्यंत जीभ अशी काही सुटली की विचारू नका.

"आता गिऱ्हाईक आलं," तो गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगू लागला. "गिऱ्हाइकाला टक्कल आहे. गिऱ्हाईक म्हणतं, माझ्या कपाटाची किल्ली हरवली. आजोबांना वाटतं, कपाट बायकोचं आहे." गिऱ्हाईक कपाटाचा नाद सोडून निघून गेलं. शेजारच्या शिंप्यालाही हे खूळ लागलं. "आता मी बाही कापतो," तो म्हणाला, आणि थोड्या वेळाने, "आता मी दुसऱ्याचीच बाही कापली." कोटाचा मालक समोरच उभा होता.

घरीही सुटका नव्हती. "आता आजी ताट आपटते. आता आजी कपाळाला हात लावते."

"अहो, आयुष्यभर म्हणत होते, दोन शब्द बोला," बायको म्हणाली. "आता हात जोडते, ते दोन शब्द गिळा."

एकदा कुणाच्या तरी घरी दुखवट्याला जायची वेळ आली. पोर मांडीवर, म्हणजे बोलणं भाग. "आता आजोबा दुःखी चेहरा करतात. आता आजोबा घड्याळ बघतात." गेलेल्या माणसाच्या सुनेने तोंडावर रुमाल दाबला. ती रडत होती, असं सगळे धरून चालले.

पोर मात्र आजोबांच्या तोंडाकडे टक लावून बघत असे. मधूनच आपलं तोंड उघडे, श्वास घेई, आणि तेवढ्यात पुढचा 'आता' येऊन आदळे. ती तोंड मिटून घेई. तिला जांभई येते आहे असं समजून मौनी आणखी भरभर बोले.

दुसऱ्या भेटीचा दिवस उजाडला. "आता बाई खुर्चीत बसतात," मौनी म्हणाला. घसा पार बसला होता. "आता बाईंच्या भुवया वर जातात."

"आजोबा, बोलून झालं की थांबायचं सांगितलं होतं ना मी? तिची पाळी येऊ द्यायची."

लेकीने कपाळाला हात लावला. मौनी काहीतरी बोलणार होता, पण त्याने ओठ घट्ट मिटले. जन्मभर ज्यात हातखंडा, तेच आता जड जात होतं. त्याच्या डोळ्यांसमोर ते स्टूल आलं, रिकामं.

पोरीने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग हात पुढे करून त्याचे ओठ चाचपले. खरंच बंद होते. तिने श्वास घेतला.

"आता आजोबा गप्प," ती म्हणाली. मग मान वळवून, "आता आई रडते."

आई खरंच रडत होती. पाळणाघराचं नाव पुन्हा निघालं नाही.

आता दुकानात मौनी पहिल्यासारखाच गप्प असतो. स्टुलावरून पोरगी सगळं सांगते. "आता आजोबा किल्ली घेतात," ती म्हणाली आणि त्याच्या हातात कानस असली, तर तो मुकाट्याने कानस ठेवून किल्ली घेतो. ती वाक्य संपलं की थांबते, आणि तो मान हलवतो. त्याची पाळी तेवढ्यावर भागते.

संध्याकाळी लेक तिला न्यायला आली की पोर आईचं बोट धरून निघते. परवा ती रस्त्यातून मागे वळली.

"आता आजोबा एकटे," ती म्हणाली, आणि थांबली.

मौनीने मान हलवली. ती जागची हलेना. आई बोट ओढत होती, तरी पोर त्याच्या तोंडाकडे बघत उभीच राहिली.

"उद्या लवकर ये," मौनी म्हणाला.