पहिला प्रश्न तुमचा

आमच्या गावची जिल्हा परिषदेची शाळा एका संस्थेला चालवायला द्यायची असं घाटत होतं, तेव्हा मी सिंगापुरात होते आणि घड्याळाने अडीच तास पुढे होते. बातमीत मात्र कायम मागे. गावात सकाळी काय झालं ते मला तुआसच्या कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत कळायचं, कारण प्लॅंटमध्ये फोन नेता येत नाही, तो लॉकरमध्ये ठेवावा लागतो. औषधं बनतात तिथे. माझं काम तपासणीचं. दिवसभर मी दुसऱ्यांच्या चुका शोधते आणि संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये अण्णांचे मेसेज वाचते.

अण्णा म्हणजे माझे वडील. त्याच शाळेत मुख्याध्यापक होते, तिथूनच निवृत्त झाले. मीही तिथेच शिकले. गाव अजून त्यांना गुरुजीच म्हणतं.

योजना कागदावर झकास होती. इमारत सरकारची, पैसा बराचसा सरकारचा, कारभार संस्थेचा. शिक्षक कोण ठेवायचे, मुलं कशी निवडायची, हे संस्था बघणार. बदल्यात इंग्रजी, संगणक, रंगवलेल्या भिंती. गावातल्या निम्म्या लोकांना ती हवी होती आणि त्यात त्यांचं काही चुकत होतं असं मला आजही वाटत नाही. पोराला इंग्रजी यावं असं कोणाला वाटत नाही? माझी मुलगी इथल्या शाळेत जाते, घरी मराठीत विचारलं तर इंग्रजीत उत्तर देते. मी कुठल्या तोंडाने गावाला सांगणार होते की तुमच्या पोरांना इंग्रजी नको?

अण्णांचं म्हणणं वेगळंच होतं आणि एवढंसंच होतं. दिवाळीनंतर आमच्या भागात ऊसतोडणीच्या टोळ्या येतात. रानाच्या कडेला कोप्या घालून राहतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परत जातात. त्यांची मुलं वर्षाच्या मध्येच येतात, मध्येच जातात. नोकरी होती तोवर अण्णा स्वतः सायकलवरून कोप्यांवर जायचे आणि मुलांना शाळेत आणून बसवायचे. पाढे येतात का, अक्षर ओळखतात का, काही विचारायचे नाहीत. पुढच्या गुरुजींनीही ते चालू ठेवलं होतं. ही मुलं आली की शाळेचा निकाल खाली यायचा आणि तपासणीला आलेले साहेब नाक मुरडायचे. निकालावरच जिचं कंत्राट टिकणार, ती संस्था ही मुलं घेईल का? अण्णांचा एवढा एकच प्रश्न होता. तो ते सगळ्यांना विचारत होते आणि सगळे म्हणत होते, गुरुजी, बघू की पुढचं पुढे.

पुढाऱ्यांबद्दल काय सांगावं. आमचे आमदार सत्ताधारी पक्षाचे, योजना त्यांच्या लाडाची. विरोधी पक्षाचा जिल्ह्यातला मोठा पुढारी शाळेच्या पटांगणात येऊन गरिबांचं शिक्षण विकायला काढलं म्हणून घसा कोरडा करून गेला. त्याच्या स्वतःच्या घराण्याची कॉलेजं आहेत, शाळा आहेत, आणि तिथे प्रवेशाला काय पडतं ते आमच्या भागात शेंबडं पोरही सांगेल. अण्णा त्याच्या शेजारी खुर्चीवर बसले होते. फोनवर मला म्हणाले, "दुसरं कोण आलंय माझ्या बाजूने?"

आणि मग आमदारसाहेब सिंगापूरला आले. अभ्यास दौरा. इथल्या शाळा बघायच्या, परत जाऊन योजना राबवायची. ज्या देशात बहुतेक शाळा सरकारच चालवतं किंवा सरकारच्या पैशावर चालतात, तो देश बघून आपल्या सरकारी शाळा दुसऱ्याच्या हवाली करायच्या, हे गणित मला अजून सुटलेलं नाही. पण दौरे गणित सोडवायला काढत नाहीत. इथल्या आमच्या मराठी मंडळाने तोआ पायोहला एक हॉल घेऊन त्यांचा कार्यक्रम ठरवला: संवाद आणि स्नेहभोजन.

मंडळाचे अध्यक्ष पुण्याचे, आयटीत मॅनेजर. माणूस वाईट नाही, उलट कोणाच्याही अडीनडीला धावणारा. हॉकर सेंटरमधल्या टपरीवर कॉफी घेत मी त्यांना अण्णांचा प्रश्न सांगितला, तर म्हणाले, "मॅनेजमेंट बदललं की रिझल्ट बदलतो. आपण कंपनीत बघतोच ना?"

म्हटलं, "कंपनी आजारी माणसाला कामावरून काढते. शाळेने मुलं काढायची का?"

"हेच तुम्ही साहेबांना विचारा," ते म्हणाले. "असं करू. तुम्ही त्यांच्याच जिल्ह्यातल्या, त्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेल्या. सत्कार तुमच्या हस्ते ठेवतो. मग स्टेजवर आहातच, तर पहिला प्रश्न तुमचा."

पाहुण्याचा सत्कार त्याच्या गावाकडच्या माणसाने करायचा, हे आपल्याकडे इतकं ठरलेलं आहे की मला त्यात काही खटकलंच नाही. उलट बरं वाटलं. अण्णांना फोन करून सांगितलं की प्रश्न मी साहेबांच्या तोंडावर विचारणार आहे, सगळ्यांसमोर, आणि उत्तर रेकॉर्ड करून पाठवणार आहे. कार्यक्रमाच्या दुसऱ्याच दिवशी गावात याच विषयावर विशेष ग्रामसभा होती. अण्णा म्हणाले, "नीट शब्दांत विचार. रागावू नकोस. तू रागावलीस की वाक्य अर्धं सोडतेस." चाळिशी ओलांडलेल्या मुलीला हे सांगितलं. मला हसू आलं.

लिटिल इंडियातून शाल आणि नारळ मीच आणला. मुलीने विचारलं हे कशाला, तर सांगितलं की एका साहेबांना शाळेबद्दल एक प्रश्न विचारायचाय. ती इथल्या पोरांच्या बोलीत म्हणाली, "जस्ट ईमेल हिम लाह." तिला समजावण्यात वेळ घालवला नाही. आपल्याकडे असं नसतं, एवढंच म्हटलं.

कार्यक्रम उशिरा सुरू झाला. दीपप्रज्वलन हॉलच्या नियमात बसत नव्हतं म्हणून विजेची समई लावली. मग स्वागतगीत, मग साहेबांबरोबरच्या प्रत्येकाचा सत्कार, पीएचासुद्धा. मी साहेबांच्या खांद्यावर शाल घातली, नारळ दिला. त्यांनी हात जोडले, मीही जोडले. पीए खाली वाकून फोटो घेत होता. म्हणाला, "ताई, जरा इकडे बघा, हसा." मी हसले. सभ्य माणसं फोटोला हसतात.

मग साहेब बोलले. सिंगापूरची शिस्त, सिंगापूरचे रस्ते, शाळेच्या दारात एक कागद पडलेला नाही. "आणि माझ्याच जिल्ह्याची ही लेक," माझ्याकडे हात करून म्हणाले, "आज या देशात इंजिनिअर आहे. अशा हजारो लेकी मला घडवायच्या आहेत." टाळ्या पडल्या. मी हातातल्या चिठ्ठीवर प्रश्न पुन्हा वाचत होते. अण्णांनी सांगितल्याप्रमाणे नीट शब्दांत लिहिला होता.

साहेब बसले तेव्हा हॉलची वेळ संपत आली होती. सांभाळणाऱ्या चिनी काकू दारात येऊन घड्याळाकडे बोट दाखवत होत्या. अध्यक्षांनी माइक घेतला आणि म्हणाले, प्रश्नोत्तरं आपण जेवताना अनौपचारिकच करूया. माझ्याकडे बघून त्यांनी कानाची पाळी धरली. मी स्टेजवरच बसले होते, माइक दोन हातांवर होता. उठून घेता आला असता का? ज्याला आत्ताच शाल घातली त्याला सगळ्यांसमोर अडवायचं, ते माझ्याने झालं नाही. तिथल्या कोणाच्यानेच झालं नसतं. सत्कार करून झाल्यावर माणूस पाहुणा होतो आणि पाहुण्याला आपण जेवायला वाढतो.

जेवणाच्या रांगेत गाठलं मी त्यांना. श्रीखंडाची वाटी हातात असताना विचारलं, ऊसतोडणीच्या मुलांचं काय करणार. त्यांनी नीट ऐकून घेतलं, हे कबूल करायला हवं. म्हणाले, "फार चांगला मुद्दा आहे, ताई. नोंद घे रे." पीएने मान हलवली. त्याचं लक्ष हातातल्या फोनमध्ये होतं, मघाचे फोटो पाठवणं चाललं होतं.

बाहेर येऊन अण्णांना फोन लावला. त्यांच्याकडे ओसरीवर माणसं जमली होती, उद्याच्या सभेत कोण काय बोलणार ते ठरत होतं, काही धड ऐकू येत नव्हतं. सगळ्यांसमोर विचारता आलं नाही, एवढं मी ओरडून सांगितलं. "असू दे," ते म्हणाले, "उद्या सभा झाली की बोलू."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत लॉकर उघडला तर गावातल्या नातेवाइकांचे मेसेजवर मेसेज. गावाच्या ग्रुपवर माझा फोटो फिरत होता. साहेबांना शाल घालताना, हसताना. खाली लिहिलं होतं की गुरुजींच्या लेकीचा योजनेला पाठिंबा, सिंगापुरात साहेबांचा सत्कार. अण्णांना लगेच फोन लावला. बंद होता. सभेत बसताना फोन बंद ठेवायचा, ही त्यांची जुनी सवय.

सभेत काय झालं ते संध्याकाळी त्यांनीच सांगितलं. मी बसमध्ये होते. ते बोलायला उभे राहिले, टोळ्यांच्या मुलांचा प्रश्न मांडला, तर एका पोराने फोन पुढे केला: गुरुजी, तुमची लेक तर तिकडे सत्कार करतेय. अण्णांनी फोटो बघितला आणि म्हणाले, हा खोटा आहे. हल्ली कॉम्प्युटरवर काहीही करतात. माझी मुलगी असं करणार नाही.

"ठाम सांगितलं मी," अण्णा म्हणाले. "मग त्यांनी व्हिडिओ लावला. त्यात तू हलत होतीस."

मग ते खाली बसले. ठराव मंजूर झाला. विरोधी पक्षाचा पुढारी आलाच नव्हता.

मी सगळं सांगितलं: अध्यक्षांचा शब्द, हॉलची वेळ, काकू, श्रीखंड. रडतही होते, बसमधले लोक बघत होते. अण्णा म्हणाले, "मला कळतंय गं. सत्काराला कोण नाही म्हणतं?" त्यांनी रागवावं असं मला फार वाटत होतं. ते नाही रागावले. त्या दिवसापासून शाळेचा विषय निघाला की म्हणायचे, बाकी तुमचं कसं चाललंय.

अध्यक्षांशी मी भांडले. ते मनापासून ओशाळले आणि म्हणाले, पण फोटो तर छानच आलाय. त्यानंतर मी त्यांच्या कुठल्या कार्यक्रमाला गेले नाही. पीएला तीनदा लिहिलं की तो मजकूर खोटा आहे, काढून टाका. दर वेळी उत्तरादाखल नुसती हात जोडलेली बाहुली आली.

शाळा संस्थेकडे गेली, दिवाळी झाली. इथे कंदील काढून ठेवले तेव्हा तिकडे टोळ्या येऊ लागल्या. एका संध्याकाळी अण्णांचा फोन आला. आवाज खाली होता, जवळ कोणी असावं तसा. ते कोप्यांवर गेले होते. मुलांना घेऊन शाळेत गेले तर संस्थेच्या माणसाने चहा पाजला. नाही असं म्हणाला नाही. आधी चाचणी घेऊ म्हणाला, मग जागा बघू, मग वरून विचारून सांगू. मुलं व्हरांड्यात बसून राहिली आणि दुपारी उठून उसात गेली.

"शिक्षणहक्काचा कायदा आहे ना अण्णा," मी म्हटलं. "नाही म्हणता येत नाही त्यांना."

"नाही म्हणालेच नाहीत ते," अण्णा म्हणाले. मग आवाज आणखी खाली आणून, "तुझी ओळख आहे साहेबांशी. शब्द टाकून बघतेस का?"

नोकरीत असताना पुढाऱ्याची चिठ्ठी घेऊन कोणी प्रवेशाला आलं, तर अण्णा ती न वाचता परत द्यायचे आणि म्हणायचे, चिठ्ठी कशाला आणलीस, मुलगा आण. त्या माणसाने मला वशिला लावायला सांगितला होता. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

पीएने पहिल्याच रिंगला फोन उचलला. आवाजात साखर होती. "ताई, तुमचं काम म्हणजे साहेबांच्या घरचं काम. संस्थेला लगेच सांगतो. सगळी नाही घेता येणार, निकालाचा प्रश्न असतो. पण तुमच्यासाठी दोन मुलं घेऊन टाकू. नावं पाठवा."

अण्णांना तसंच्या तसं सांगितलं. वाटलं, आता तरी चिडतील, असला उपकार नको म्हणतील. फोन कट झाला का, म्हणून मी दोनदा हॅलो म्हटलं.

"आहे मी," अण्णा म्हणाले. "मुलं माझ्यापुढेच बसलीत. कोणाची नावं देऊ?"