बीएफ म्हणा, काका

आमच्या शेजारचे मुनीम दालमिलमधून घरी आले की पुठ्ठ्याची जुनी जर्मन लढाऊ विमानं बनवत बसतात. बोलणं हळू, पण कुणी विमानाचं नाव चुकवलं की त्यांना राहवत न्हाई. मोबाइलमध्ये बघून मी एकदा त्यातल्या एका विमानाला 'एमई १०९' म्हणालो.

"बीएफ म्हणा, काका. बीएफ हे कारखान्याचं जुनं नाव, ते मागून बदलून एमई झालं. पण सरकारदरबारी हे इमान बीएफच राहिलं."

मी चौथी शिकलेला, पण हटणारा न्हाई. म्हणलं, "आमच्यात सुनेचंबी नाव बदलतं. इमानाचंच काय लई कौतिक?"

ते हसले अन् पंख चिकटवत राहिले.

औंदा त्यांच्या पोराचं लगीन झालं. सुनेसाठी नवं नाव त्यांच्या बायकोनं वडीलधारा म्हणून मला इचारलं. मी 'भाग्यलक्ष्मी' सांगितलं. नवरदेव ताटातल्या तांदळावर अंगठीनं ते लिहायला वाकला, तेवढ्यात मुनिमांनी त्याचा हात धरला. "तिला इचारलं का?"

मी सगळ्यांदेखत बोललो, "मुनीम, सून म्हंजे तुमचं इमान हाय का?"

"न्हाई ना, काका. इमानाला बोलता येत न्हाई. हिला येतंय."

पोरगी खाली बघत होती. मग म्हणाली, "माझं स्नेहाच राहू द्या."

तांदळावर स्नेहा लिहिलं गेलं. तरी पुढं बरेच दिवस मी तिला भाग्यलक्ष्मी म्हणूनच हाक मारायचो. मुनीम ऐकायचे, पण मला एकदाबी टोकलं न्हाई. ते त्यांनी तिच्यावर सोडलं होतं, अन् ती ओ द्यायची न्हाई.

आता स्नेहा म्हणतो.