तारबाबूंचा हात

तारबाबूंना काहीही विचारलं की ते आधी गप्प बसत. चहा घेता का, एवढं साधं विचारलं तरी समोरचा माणूस अवघडून पुन्हा विचारायच्या बेताला येई, तेव्हा कुठे उत्तर मिळे. नवख्यांना वाटे, म्हातारा बहिरा आहे. बहिरे कसले, आमच्या सौंसर गावात त्यांच्याइतका तिखट कान कुणाचा नव्हता. पाठवलेला संदेश चंद्रावर जाऊन परत यायला अडीच सेकंद लागतात, आणि ज्याची निम्मी बोलणी चंद्राशी होतात त्याला तीच सवय लागणार.

त्यांची सगळी नोकरी पांढुर्ण्याच्या तारघरात झाली. तारा बंद पडल्या, नाव तेवढं राहिलं. निवृत्तीनंतर त्यांनी हौशी रेडिओचा परवाना काढला, कुणा केबलवाल्याने टाकून दिलेली भली मोठी डिश घरामागच्या संत्र्यांच्या झाडांत उभी केली आणि सायकलच्या चेनवर ती चंद्रामागे फिरवू लागले. मी त्यांची शेजारीण, शाळेत गणित शिकवणारी. रेडिओची लहर चंद्रावर आपटून परत येते, हे मला कागदावर मान्य होतं. पण एका दुपारी कापसावर ऊन रणरणत असताना आणि आभाळात पुसटसा चंद्र असताना त्यांनी माझ्या कानाला हेडफोन लावला, मोर्सचा खटका ठोकला, आणि सगळं शांत झाल्यावर त्याच टिंब-रेघा खरखरीतून बारीक थरथरत परत आल्या. माझ्या अंगावर काटा आला. "भेऊ नको पोरी," ते म्हणाले, "आपलंच हाये."

ते नेहमी एकच शब्द पाठवायचे, ‘तार’. त्यातली शेवटची रेघ जराशी ताणायचे, पाहुण्याला दारापर्यंत पोचवायला जावं तशी. मलाही त्यांनी शिकवलं आणि शिकवताना ते भलते कडक असत. रेघ त्यांच्यासारखी ताणली गेली नाही तर उठू देत नसत. घरी दोन पोरं उपाशी असतील, असं मी कुरकुरले तरी ऐकायचे नाहीत. परीक्षा देऊन परवाना काढायला लावला तोही धाकानेच.

मोर्स ठोकणाऱ्या प्रत्येकाचा हात वेगळा असतो, हे त्यांचं आवडतं बोलणं. बैतूलच्या तारघरातला बाबू बायकोशी भांडून आला की त्यांना पांढुर्ण्यात बसून कळे. एका सकाळी बैतूलची तार वेगळ्याच हाताने सुरू झाली आणि तारबाबूंनी डोक्यावरची टोपी काढून टेबलावर ठेवली. दुपारी बातमी आली, तो बाबू पहाटेच वारला होता. तारघरात तेव्हापासून ठरूनच गेलं, हात बदलला म्हणजे माणूस गेला. हे सांगताना ते हसत, पण मला काही हसू येत नसे.

मग दोन वर्षांपूर्वी त्यांच्या बायकोच्या, म्हणजे काकूंच्या, लक्षात आलं की यांचा चहा बशीत सांडतो. ते त्यांना स्वतःला कळलं नाही. त्यांना कळलं चंद्राकडून. एका संध्याकाळी त्यांनी हेडफोन काढून माझ्या हातात दिला. "ऐक. वर दुसराच कोनी बसला हाये." मी ऐकलं. रेघा मधेच तुटत होत्या, एका टिंबाची दोन होत होती. मी खटक्यावरच्या त्यांच्या बोटांकडे पाहिलं. ती थरथरत होती.

नागपूरच्या डॉक्टरांनी कंपवात सांगितला. गोळ्या त्यांनी मुकाट घेतल्या, पण आजार मानला नाही. मी गणिताची बाई, जे जातं तेच परत येतं म्हणून चांगलं तासभर समजावलं. ते गप्प राहिले, नेहमीपेक्षा जास्तच. मग म्हणाले, "माहा हात मले ठाऊक हाये. हा माहा नोहे. मंग इथं बसून राहिला तो कोन?"

त्यानंतर ते घरात पाहुण्यासारखे वावरू लागले. स्वतःच्या खाटेवर बसायचं तरी विचारून बसत. जेवण सुटत चाललं. पौर्णिमेला काकू वंदनेसाठी विहारात निघाल्या तेव्हा त्यांनी शांतपणे सांगितलं की माझ्याही नावाची मेणबत्ती लाव. काकू विहारात न जाता तडक माझ्याकडे आल्या. "जितं मानूस माह्यासमोर बसून राहिलं," त्या म्हणाल्या, "अन् म्हनते मी गेलो. तूच काही कर वं." मलाही त्या घरात जायची भीती वाटू लागली होती, हे खरं.

चंद्र डिशच्या टप्प्यात आला तेव्हा मी हेडफोन तारबाबूंच्या कानांवर चढवला आणि त्यांच्या जागी स्वतः बसले. ‘तार’ ठोकलं आणि हात मांडीवर घेतला. त्यांचे डोळे मिटलेले होते. अडीच सेकंद मी आयुष्यात इतके लांब कधी पाहिले नाहीत. त्यांचा जबडा हलला. "पुन्हा," ते म्हणाले. मी पुन्हा ठोकलं. मग त्यांचा थरथरता हात माझ्या डोक्यावर आला आणि तसाच राहिला. "आला," ते म्हणाले, "माहा हात आला." त्या दिवशी त्यांनी काकूंना स्वतःहून जेवायला वाढायला सांगितलं.

पुढे मी ठोकायची आणि ते ऐकायचे, असंच चालू राहिलं. यंदाच्या उन्हाळ्यात ते गेले. मला वडील गेल्यावर रडू आलं नव्हतं एवढं आलं.

तेराव्या-चौदाव्या दिवशी असेल, काकूंनी मला हाक मारली. चंद्र वर आला होता आणि हेडफोन त्यांनी स्वतःच कानांवर चढवला होता. त्यांना टिंब-रेघांतलं अक्षर कळत नाही, पण खटक्याचा हा ठेका त्या वर्षानुवर्षं भिंतीआडून ऐकत आल्या होत्या. मी ‘तार’ ठोकलं आणि खटक्यावरून हात उचलला. काकू मान खाली घालून थांबल्या. मग त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं.

"हात नाही बदलला," त्या म्हणाल्या.